रात्रीची घरघर : इन्व्हर्टरचा पंखा शांत कसा करावा

दिवेलागणीच्या सुमारास वीज गेली म्हणजे आपल्या घरात किती निरनिराळे आवाज चालू होते, हे तेव्हाच आपल्या ध्यानात येते. कूलर थांबतो, फ्रिजची गुणगुण बंद पडते, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी मुकी होते आणि गल्लीवर क्षणभर एक निवांतपणा उतरतो. नेमका तोच मुहूर्त साधून जिन्याखाली किंवा माजघराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या इन्व्हर्टरचा पंखा जागा होतो. दिवे लागतात, छताचे पंखे फिरू लागतात आणि त्यांच्याबरोबर ती अखंड घरघरही सुरू होते. पुढे दहा वाजता वीज परत येते, घरातली माणसे निजायला जातात. परंतु इन्व्हर्टर काही निजत नाही. पहाटेपर्यंत त्याचा पंखा चालूच असतो. परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, तान्ह्या बाळाची आई, दम्याने आधीच झोप उडालेले आजोबा, या सर्वांना त्याचा सारखाच उपद्रव होतो.

ही घरघर कमी करता येते काय? येते, आणि तिला फारसा खर्चही येत नाही. मात्र ती कशामुळे उत्पन्न होते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कारण न समजता केलेला उपाय येथे केवळ निरुपयोगी ठरत नाही. तो घराला आग लावू शकतो. म्हणून आज आपण थोडे शास्त्र आणि थोडा व्यवहार, असे दोन्ही पाहणार आहोत.

प्रथम एका प्रश्नाचे उत्तर देऊ. तेच यंत्र नागपूरच्या भर वस्तीतील घरात ठेवले तर त्याची फारशी तक्रार होत नाही आणि सौंसरजवळच्या जामसांवलीसारख्या गावी ठेवले तर ते कानाला टोचते, असे का? जामसांवली हे जाम नदीच्या काठचे गाव. पहुडलेल्या हनुमंताच्या मूर्तीमुळे ते दूरवर प्रसिद्ध आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेला हा मराठी बोलणारा मुलूख २०२३ सालापासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. मंगळवारी आणि शनिवारी येथे यात्रेकरूंची रीघ लागते. मोटारींचे भोंगे, घंटांचा नाद आणि माणसांचा गलबला यांनी दिवस भरून जातो. परंतु रात्र झाली की संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते यांच्यामध्ये वसलेल्या अशा गावांत जी शांतता पसरते, ती शहरवासीयांच्या वाट्याला क्वचितच येते.

आवाजाची तीव्रता डेसिबल या मापाने मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. आपल्या देशात २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ही झाली घराबाहेरची गोष्ट. झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलांपलीकडे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविले. आता समजा, आपल्या यंत्राचा पंखा बिछान्यापाशी ४५ डेसिबल आवाज करतो. शहरातील रस्त्याच्या कोलाहलात तो बुडून जातो. खेड्यातील निःशब्द रात्री मात्र तोच आवाज भोवतालच्या शांततेच्या पंधरा-वीस डेसिबल वर डोके काढतो. यंत्र तेच, पंखा तोच. भोवतालची शांतता तेवढी निराळी. म्हणून खेड्यातील माणसाची ही तक्रार नाजूकपणाची मानण्याचे कारण नाही. ती अगदी खरी आहे.

आता पंखा मुळात कशासाठी असतो, ते पाहू. बॅटरीत साठलेली वीज १२ व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी असते. घरातील दिव्यांना व पंख्यांना सुमारे २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास आवर्तने करणारी वीज लागते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो. मॉस्फेट नावाचे छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीचा प्रवाह अतिशय जलद उघडझाप करून उलटसुलट करतात आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब चढवितो. या व्यवहारात काही वीज वाटेतच खर्ची पडते. घरगुती यंत्रातून २०० वॅट बाहेर मिळावयाचे असतील तर बॅटरीतून सुमारे २३५ वॅट काढावे लागतात. मधले ३५ वॅट उष्णता होऊन त्या पेटीतच राहतात. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाग देण्यासाठी जे सोल्डरिंग आयर्न वापरतो, तेही साधारण एवढ्याच वॅटचे असते. असे एक तापलेले आयर्न बंद पेटीत तासन्‌तास ठेवले तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. ती उष्णता ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पसरविणे आणि तेथून वाऱ्याने बाहेर घालविणे, एवढेच त्या लहानग्या पंख्याचे काम. वीज आल्यावर बॅटरी भरताना हाच व्यवहार उलट दिशेने चालतो आणि पेटी पुन्हा तापते. म्हणून वीज आल्यानंतरही पंखा फिरत राहतो.

तेव्हा पंख्याची घरघर हे लक्षण आहे. विकार आहे तो उष्णतेचा. वैद्य जसा ताप दाबण्यापेक्षा तापाचे मूळ शोधतो, तसेच येथे करावयाचे आहे.

परंतु त्यापूर्वी ऐकू येणारा आवाज खरोखर पंख्याचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. इन्व्हर्टरमधून तीन तऱ्हेचे आवाज निघतात. पहिला वाऱ्याचा सूंऽऽ असा आवाज, तो पंख्याचा. पंखा थांबताच तोही थांबतो. दुसरा खोल, एकसुरी गुंजारव, तो ट्रान्सफॉर्मरचा. त्याच्या लोखंडी पट्ट्या प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात दोन वेळा किंचित ताणतात व आखडतात, म्हणून सेकंदाला शंभर कंपनांचा तो सूर निघतो. तिसरा आवाज खडखडीचा. सैल स्क्रू, थरथरणारे पत्र्याचे झाकण किंवा खालचे पोकळ लाकडी स्टूल यांचा. पेटीच्या झाकणावर तळहात हलकेच दाबून ठेवावा. खडखड थांबली तर पंख्याला दोष देऊ नये. स्क्रू आवळावेत आणि पेटीच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवावेत. पोकळ फळीवर ठेवलेले यंत्र तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवल्यासारखे असते. त्याचा बारीकसा कंपही मोठा होऊन ऐकू येतो. दगडी किंवा सिमेंटच्या ओट्यावर ही अडचण राहत नाही.

आणखी एक गफलत नेहमी होते. वीज गेल्यावर छताचा पंखाच गुणगुणू लागतो आणि लोक इन्व्हर्टरला बोल लावतात. जुन्या किंवा स्वस्त यंत्रांतून निघणारी वीज चौकोनी लाटेची असते. कारागीर तिला स्क्वेअर वेव्ह म्हणतात. तशा विजेवर छताच्या पंख्याची मोटर गुंजते आणि अधिक तापते. त्यावर साइन वेव्हचे, म्हणजे सरकारी विजेसारखी गोलाईदार लाट देणारे, यंत्र घेणे हाच इलाज आहे.

आता जे मुळीच करू नये ते सांगतो. कारण आपल्याकडे तेच आधी केले जाते. काही जण पेटीवर जुनी गोधडी टाकतात. काही जण जाळीच्या भोकांत कापड कोंबतात. काही जण यंत्र बॅटरीसह लाकडी कपाटात कोंडून दार लावून घेतात. एखादा हिकमती मनुष्य पंख्याची तारच काढून टाकतो. या सर्व युक्त्यांनी रात्र शांत होते खरी, परंतु पेटीतील उष्णतेला बाहेर पडण्याची वाट उरत नाही. चांगले यंत्र अशा वेळी आपोआप बंद पडते. सामान्य यंत्राचे मॉस्फेट जळतात किंवा तारांवरचे आवरण वितळू लागते. शिवाय पाणी भरावयाच्या बॅटरीतून, ती भरत असताना, हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शंभरात चार भाग झाले की एका ठिणगीने भडका उडू शकतो. मोकळ्या हवेत तो तत्काळ वर जाऊन विरून जातो, म्हणून आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. बंद कपाटात मात्र तो साचतो. त्याच कारणाने बॅटरी देवघराशेजारी ठेवू नये. समई, निरांजन, उदबत्ती यांची तिला संगत नको. रात्री यंत्राचे चार्जिंग बंद करून ठेवणे हेही हिताचे नाही. अर्धवट भरलेली बॅटरी वारंवार तशीच पडून राहिली तर तिच्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि तिचे आयुष्य अकाली सरते.

तर मग योग्य मार्ग कोणता? उष्णता उत्पन्नच कमी होऊ देणे, हा पहिला. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास दाखवून दिले की, तारेतून वाहणारा प्रवाह दुप्पट झाला तर तीत निपजणारी उष्णता दुप्पट न होता चौपट होते. याच नियमाची दुसरी बाजू आपल्या उपयोगाची आहे. प्रवाह निम्मा केला की त्या भागातील उष्णता चौथ्या हिश्शावर येते.

एक साधा हिशोब करून पाहू. एका घरी वीज गेल्यावर दोन छताचे पंखे आणि पाच एलईडी दिवे चालतात. जुना पंखा ७५ वॅटचा. दोहोंचे १५० झाले. दिव्यांचे ५० धरू. एकूण भार २०० वॅट. त्यासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ २० अँपिअर प्रवाह वाहतो. संध्याकाळी सात ते दहा वीज गेली तर सुमारे ५९ अँपिअर-तास खर्ची पडले. चार्जर १२ अँपिअरचा असेल आणि भरतानाची घट धरली, तर ही तूट भरून निघण्यास साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. शेवटी शेवटी प्रवाह मंदावत असल्याने प्रत्यक्षात थोडा जास्तच. म्हणजे रात्री दहाला वीज आली तरी पहाटे चारपर्यंत पंख्याची घरघर चालणार.

आता त्या घराने ते दोन पंखे बदलून बीएलडीसी मोटरचे पंखे बसविले असे समजू. हे पंखे पूर्ण वेगाने सुमारे ३० वॅटवर चालतात. २०२३ च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची खूण सक्तीची झाली आहे. पाच तारे पाहून घेतले म्हणजे काम झाले. भार २०० वरून ११० वॅटवर आला, प्रवाह ११ अँपिअरच्या खाली उतरला आणि प्रवाहामुळे तारांत व स्विचांत होणारी उष्णता तिसऱ्या हिश्शाहूनही कमी झाली. तीन तासांत खर्च झाले सुमारे ३२ अँपिअर-तास. ते तीन तासांत भरून निघतात. म्हणजे वीज नसताना पंख्याला फारसे पळावे लागत नाही आणि वीज आल्यावर रात्री एकच्या सुमारास यंत्र गप्प होते. इन्व्हर्टरला हातही न लावता त्या घराने झोपेचे तीन तास परत मिळविले. वर वीजबिलात बचत झाली ती निराळीच.

दुसरी गोष्ट चार्जिंगच्या वेगाची. कित्येक यंत्रांच्या मागे बॅटरीचा प्रकार किंवा चार्जिंगचा वेग निवडण्याचा एक लहानसा खटका असतो. बॅटरी लहान असून खटका मोठ्या प्रवाहावर असेल तर यंत्र आणि बॅटरी दोन्ही विनाकारण तापतात. यंत्राबरोबर मिळालेली पुस्तिका पाहून किंवा कारागिराला विचारून तो योग्य जागी आणावा. मंद प्रवाहाने बॅटरी भरण्यास वेळ अधिक लागतो, परंतु पंखा पुष्कळदा सुरूच होत नाही. ज्यांच्या छपरावर सौर पट्ट्या आहेत, त्यांना तर बॅटरी दुपारीच भरून घेता येते; त्या वेळी पंखा कितीही ओरडला तरी कोणाची झोप मोडत नाही.

तिसरी गोष्ट जागेची. आपल्या भागात मे महिन्याचे ऊन किती कडक असते, हे सांगावयास नको. पंखा हवा थंड करीत नाही. तो खोलीतील हवा तापलेल्या पट्ट्यांवरून नेतो, इतकेच. पट्ट्यांचे तापमान ६५ अंशांवर रोखावयाचे आहे असे धरा. थंडीच्या दिवसांत खोलीत २५ अंश असतील तर दोहोंत ४० अंशांचे अंतर पडते. मे महिन्यात खोलीत ४५ अंश झाले की ते अंतर २० वर येते. तेवढीच उष्णता वाहून नेण्यास आता निदान दुप्पट हवा लागते. आणि पंख्याचा नियम असा आहे की, वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे पंधरा डेसिबलांनी चढतो. उन्हाळ्यात इन्व्हर्टर बिघडल्यासारखा का ओरडतो, याचे उत्तर यात आहे. तो बिघडलेला नसतो. तो घाम गाळीत असतो.

हाच नियम उलट लावला की उपाय सापडतो. टिनाच्या पत्र्याखालील किंवा पश्चिमेच्या भिंतीजवळची जागा टाळून यंत्र घरातील गार जागी आणावे. कवेलूच्या छपराखालील आतली खोली, उत्तरेकडची ओसरी, जिन्याखालची मोकळी व हवेशीर जागा, यांपैकी कोणतीही चालेल. खोलीतील हवा ४५ ऐवजी ३८ अंशांची मिळाली तरी पंख्याच्या आवाजात सहा डेसिबलांचा फरक पडू शकतो. पेटीच्या सर्व बाजूंनी निदान वीतभर जागा मोकळी असावी आणि गरम हवा बाहेर पडण्याची बाजू भिंतीला भिडलेली नसावी. नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. ती तशी ओढली जाते की काय, हे पाहण्यास पातळ कागदाची एक पट्टी जाळीपुढे धरावी. ती कोणीकडे उडते यावरून हवेची वाट कळते. यासाठी उदबत्तीचा धूर मात्र वापरू नये. कारण वर सांगितलेच आहे. यंत्र अगदी कोपऱ्यात ठेवणेही बरे नाही. दोन भिंती आणि जमीन मिळून कोपऱ्याचा जणू कर्णा होतो आणि आवाज खोलीत फेकला जातो.

यंत्र झोपण्याच्या खोलीतून बाहेर नेता आले तर त्याहून चांगले. नऊ इंची विटांची भिंत चाळीस डेसिबलांहून अधिक आवाज अडविते. मधले दार उघडे ठेवले तर मात्र भिंतीने अडविलेला आवाज दारातून आत येतो, हे ध्यानात असू द्यावे. हलविताना एक पथ्य पाळावे. बॅटरी आणि यंत्र दोन्ही एकत्र हलवावीत. त्यांच्यामधील जाड केबल लांबवू नये. वीस अँपिअर किंवा अधिक प्रवाह त्या केबलमधून वाहतो. ४०० वॅटच्या भाराला तो ४० अँपिअरच्या घरात जातो आणि १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल केवळ दोन मीटर वाढविली तरी जाता-येता मिळून सात वॅट तिच्यातच जळतात. तोच भार २३० व्होल्टच्या बाजूने नेला तर दीड चौरस मिलिमीटरच्या साध्या तारेने दहा मीटर नेऊनही एक वॅटसुद्धा वाया जात नाही. म्हणून लांबवावयाची असेल ती घराच्या वायरिंगची बाजू.

चौथी गोष्ट निगेची. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर धरतो, तो आपण सर्वांनी पाहिला असेल. तेथील जोड सैल वा मळकट झाला आणि त्यात ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी अडथळा आला, तरी ४० अँपिअरला त्या एका बिंदूत १६ वॅट उष्णता निपजते आणि यंत्राला मिळणारा दाबही घटतो. दाब घटला की तेवढ्याच कामासाठी प्रवाह वाढतो. दर दोन-तीन महिन्यांनी यंत्र बंद करून कारागिराकडून टर्मिनल स्वच्छ करून घ्यावे, नट आवळून वर व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा आणि बॅटरीतील डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहावी.

पंख्याच्या जाळीवर धूळ बसते. कपाशीच्या हंगामात कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात. ते जाळीला आणि पात्यांना चिकटून राहतात. जाळी निम्मी बुजली की हवा कमी होते आणि पंखा अधिक वेळ फिरतो. पात्यांवर धूळ कमीजास्त बसली की तोल जाऊन ती थरथरतात. यंत्र पूर्ण बंद करून बाहेरून मऊ ब्रशाने जाळी झाडणे हे कोणालाही जमेल. झाकण उघडण्याचे काम मात्र जाणकार कारागिराचे आहे. वीज काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार शिल्लक असतो आणि बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पडलेला पाना क्षणात लाल होऊ शकतो.

इतके करूनही घासल्यासारखा, खर्र-खर्र असा आवाज येत असेल, तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे असे समजावे. साध्या बुशाच्या पंख्यांतील तेल उष्णतेने वाळते. मग त्यात तेल सोडून चार दिवस काढण्यापेक्षा पंखा बदलणेच श्रेयस्कर. नवा पंखा काही शे रुपयांत मिळतो. घेताना बॉल बेअरिंगचा घ्यावा, व्होल्ट जुन्याइतकेच असावेत, मिनिटाला जाणारी हवा जुन्याहून कमी नसावी आणि हवा जाण्याची दिशा दाखविणारा बाण पाहून तो तसाच बसवावा. चार स्क्रूंच्या जागी रबराचे खिळे लावले तर पंख्याचा कंप पत्र्यात उतरत नाही.

पेटीत जागा असेल आणि यंत्राच्या हमीची मुदत सरली असेल, तर कारागिराला मोठ्या व्यासाचा पंखा बसविण्याविषयी विचारावे. मोठा पंखा हळू फिरूनही तितकीच हवा देतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा घेतला तर तात्त्विक हिशोबाने तो तिसऱ्या हिश्शाहून कमी वेगाने फिरून तेवढेच काम करतो आणि आवाज चौदा डेसिबलांच्या आसपास उतरतो. प्रत्यक्षात जाळी आणि पट्ट्या यांच्या अडथळ्यामुळे लाभ काहीसा कमी होतो, तरी तो कानाला स्पष्ट जाणवतो. याउलट जुन्याच पंख्याच्या तारेत रेझिस्टन्स घालून त्याचा वेग मारणे ही आडवाट आहे. आवाज उतरतो तसा वाराही उतरतो आणि उन्हाळ्यात एखाद्या दिवशी पंखा सुरूच होत नाही.

काही साध्या यंत्रांतील पंख्याला एकच वेग असतो. तो एकतर पूर्ण फिरतो, नाहीतर थांबलेला असतो. अशा यंत्रात भार किंवा तापमान कमी केल्याने आवाजाची पातळी बदलणार नाही, परंतु तो आवाज चालण्याचा वेळ कमी होईल. रात्री निजणाऱ्या माणसाला तेही थोडके नाही.

श्रोतेहो, या सर्व उपायांचा क्रम ध्यानात ठेवावा. आधी कोणता आवाज आहे हे ओळखावे आणि स्क्रू व रबर यांनी थरथर घालवावी. यास खर्च जवळजवळ नाही. मग धूळ आणि टर्मिनल स्वच्छ करून घ्यावीत. मग यंत्राला गार व मोकळी जागा द्यावी. पुढे जसजशी ऐपत होईल तसतसा घरातील भार हलका करावा. पंखा बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी. बहुतेक घरांना तेथवर जावेच लागणार नाही.

आपल्याकडे वीज ही एकेकाळी राजकारणाचा प्रश्न झाली होती. २००३ सालच्या मध्य प्रदेशच्या निवडणुकीत वीज, रस्ते आणि पाणी हेच मुख्य विषय होते, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या काळातील अंधारापेक्षा आजची घरघर बरी, असे कोणी म्हणेल, आणि त्यात खोटे काही नाही. परंतु उजेड मिळविण्यासाठी झोप गमावलीच पाहिजे असे मात्र नाही. यंत्राला जितके कमी तापू द्याल, तितकी ते रात्री आपली झोप कमी मोडील आणि तितकी वर्षे अधिक टिकेल. तोवर त्याच्या तोंडावर गोधडी तेवढी टाकू नका.